पाण्याच्या पलीकडच्या मृणालताई: त्यांचे विधिमंडळातील काम कसे सांगावे?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. पुढील महिन्यात ग्रामपंचायत आणि पंचायत समितीवर नव्याने निवडून आलेल्या महिला सदस्यांचे एक शिबिर आहे आणि त्यात मला दीड तास बोलायचे आहे. ‘मुले आणि कुटुंबे यांच्यासाठी आमदार नेमके काय करू शकतो?’ हा विषय मीच हौसेने सुचवला होता. आता तो माझ्याच गळ्यात पडला आहे.

मागच्या शिबिरात मी हाच प्रश्न सहज विचारला होता. आपल्या भागातील आमदारांनी मुलांसाठी काय केले, यावर वह्यावाटप, शाळेला संगणक, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार आणि सामुदायिक विवाह सोहळा अशी उत्तरे आली. ही कामे मी हलकी मानत नाही. ज्याच्या घरात वही येते त्याला तिची किंमत कळते. मात्र यांतील एकाही कामासाठी विधानसभेत बसावे लागत नाही, ते कोणताही सुखवस्तू माणूस करू शकतो. आमदाराला जे अधिकार सभागृहात मिळतात, ते वापरून कोणी मुलांच्या आणि घरांच्या आयुष्यात फरक पाडला आहे का, हे मला एका माणसाच्या कारकिर्दीतून दाखवायचे आहे.

त्यासाठी मी मृणाल गोरे यांची निवड केली आहे, पण त्यांच्यावर जे काही वाचायला मिळते ते बहुधा दोनच चित्रांपाशी थांबते. एकात गोरेगावात पाणी आणणारी ‘पाणीवाली बाई’ असते आणि दुसऱ्यात महागाईविरुद्ध लाटणे उगारलेला मोर्चा. दोन्ही चित्रे खरी आणि लोभस आहेत, परंतु दोन्ही रस्त्यावरची आहेत. त्या १९७२ साली आणि पुन्हा १९८५ साली विधानसभेवर निवडून आल्या आणि १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या, याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा त्यांच्या अशासकीय विधेयकातून आला, असे मी वर्गात सांगत आले आहे. यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मग तो कायदा त्यांचा की सरकारचा?” मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय तो कायदा यशस्वी झाला असे प्रामाणिकपणे म्हणता येईल का, हीही शंका आहेच. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहाडीकर

गोदातीरताई, धाग्याबद्दल आभार. माझे बालपण गोरेगावात गेले, त्यामुळे कायद्याचे जाणकार बोलण्याआधी मी पाण्याबद्दलच थोडे बोलणार आहे. तुम्ही पाण्याला ‘रस्त्यावरचे चित्र’ म्हणून बाजूला ठेवले आहे, ते मला पटले नाही.

गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाले. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिच्या सदस्य होत्या. त्या मूळच्या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थिनी. राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामासाठी त्यांनी ते शिक्षण सोडले, केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह केला आणि दोघांनी गोरेगाव हेच कार्यक्षेत्र मानले. १९५८ साली बंडू गोरे गेले तेव्हा मृणालताई तिशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या.

आता पाणी म्हणजे काय, हे सांगतो. तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला भरपूर मिळे, पण नव्याने जोडलेल्या उपनगरांतील नळाला धार येई ती अवेळी आणि करंगळीएवढी. झोपडपट्टीला तर नळच नाही, कारण वस्ती अनधिकृत. तेव्हा नळाच्या रांगेत कोण उभे असे? वडील कारखान्याच्या पाळीवर गेलेले असत, आई चुलीपाशी असे. रांगेत आम्ही मुले असायचो आणि आमच्यातही मुलीच जास्त. माझी थोरली बहीण रांगेत नंबर लावून शाळेत उशिरा पोहोचायची, उशीर झाल्याबद्दल वर्गाबाहेर उभी राहायची आणि सातवीनंतर तिने शाळेचे नावच सोडले. घरात कोणी तिला शाळा सोड म्हणाले नव्हते, हंड्यानेच तिची शाळा सोडवली. म्हणून पाण्याचा लढा हा मुलांचा आणि कुटुंबाचा लढा नव्हता, असे कोणी म्हणाले की मला राग येतो.

लाटणे मोर्चाचेही तसेच आहे. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आणि कमल देसाई अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका तिच्यात एकत्र आल्या. ज्यांचे पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नसत, त्या रॉकेल, साखर आणि तेलाच्या प्रश्नावर एका रांगेत चालल्या. माझी आई कोणत्याच पक्षाची नव्हती, पण ती लाटणे घेऊन गेली होती आणि परत आल्यावर त्याच लाटण्याने तिने पोळ्या लाटल्या. आपण मोर्चाला गेलो यापेक्षा रेशनच्या दुकानदाराला आपण जाब विचारू शकतो, याचे तिला अधिक नवल वाटत होते.

तुमच्या शिबिरातील बायकांना अशासकीय विधेयक ही गोष्ट लांबची वाटेल. हंडा आणि रेशन त्यांना लगेच कळेल. सुरुवात तिथून करावी, एवढेच सुचवतो. मृणालताई १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधींचा पराभव झाला, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या गल्लीत आम्ही पोरांनी घसा बसेपर्यंत दिली होती. विषयाला सोडून झाले, पण राहवले नाही.

सभापटल

मी विधानमंडळाच्या कामकाजाशी संबंधित नोकरीतून निवृत्त झालो आहे. कायदा मृणालताईंचा की सरकारचा, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी अशासकीय विधेयक म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल.

मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याने मांडलेले विधेयक ते अशासकीय विधेयक. अशा कामकाजासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे बाहेरगावच्या सदस्यांना गाड्या गाठायच्या असतात आणि बाके रिकामी होऊ लागलेली असतात. त्यातही विधेयकाला सरकारचा पाठिंबा नसेल तर ते संमत होण्याची शक्यता जवळजवळ नसते. संसदेचा दाखला घ्यायचा तर स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांनी मिळून अशी अवघी १४ विधेयके संमत केली आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे. म्हणून अशासकीय विधेयक मांडणाऱ्याला ते संमत होईल अशी आशा सहसा नसते. सरकारला त्या विषयावर उभे राहून उत्तर द्यायला लावावे, आमचे सरकार स्वतः विधेयक आणील असे मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात वदवून घ्यावे आणि ते आश्वासन कामकाजाच्या वृत्तांतात नोंदले जावे, हा त्यामागचा खरा हेतू असतो.

१९८५ ते १९८८ या काळात गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. गर्भजलपरीक्षा, म्हणजे गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून केलेली तपासणी, मुळात आनुवंशिक दोष शोधण्यासाठी होती. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिचा उपयोग मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी होऊ लागला. सरकारी रुग्णालयांत असा उपयोग करण्यास केंद्राने परिपत्रकांद्वारे मनाई केली, पण परिपत्रक खासगी दवाखान्यांना लागू होत नव्हते. परिणाम असा झाला की सरकारी दारातून हाकललेला धंदा खासगी दारात येऊन बसला. आज थोडे खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होत असत.

याविरुद्ध मुंबईत १९८५-८६ च्या सुमारास स्त्री संघटना, वैद्यकीय क्षेत्रातील कार्यकर्ते आणि वैज्ञानिक यांचा एक मंच उभा राहिला. त्यांच्या रेट्यामुळे राज्याच्या आरोग्य खात्याने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करून घेतली, तेव्हा त्यांतील ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करीत असल्याचे दिसून आले. तोवर असले प्रकार तुरळक असल्याचा युक्तिवाद होत असे. सरकारनेच करवून घेतलेल्या या पाहणीनंतर तो टिकला नाही. त्या वेळचे आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांनी हा विषय लावून धरला, हेही नोंदवले पाहिजे, कारण अधिकाऱ्यांचे श्रेय देण्यात आपण फार कंजुषी करतो.

या चळवळीला सभागृहात आवाज हवा होता आणि मृणालताई तो झाल्या. त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. पुढे सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राचा प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे विनियमन करणारा कायदा अमलात आला. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा. तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. कागदोपत्री कायदा सरकारचा आहे, यात वाद नाही. पण दार कोणी ठोठावले, असे विद्यार्थिनीने विचारले तर उत्तर मृणालताई आणि त्यांच्यामागे उभा असलेला तो मंच असेच द्यावे लागेल. या क्षेत्रात काम करणारा कोणीही विधेयकावर आपले नाव लागावे म्हणून अडून बसत नाही. अडून बसला तर कायदाही होत नाही.

शिबिरासाठी आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. विधेयक हे आमदाराच्या हातातील सर्वांत मोठे, पण सर्वांत कमी वापरात येणारे हत्यार आहे. रोजच्या वापरातील हत्यारे म्हणजे तारांकित प्रश्न, नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा आणि अर्थसंकल्पाच्या वेळची कपात सूचना. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. एखाद्या तालुक्यातील अंगणवाड्यांचा पोषण आहार तीन महिने आला नसेल, तर तसा प्रश्न दाखल झाल्यावर मंत्रालयातून जिल्हा परिषदेकडे आणि तेथून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे माहितीची जी विचारणा सुरू होते, तीत पुष्कळदा उत्तर छापून येण्याआधीच आहार पोहोचलेला असतो! प्रश्न विचारणाऱ्या आमदाराचे नाव कोणत्याही फलकावर लागत नाही, हा भाग निराळा.

डॉ. शेवंती

सभापटल यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे आणि मृणालताईंविषयी माझ्या मनातही आदर आहे. तरीही १९८८ च्या कायद्याचे वर्णन करताना आपण पहिलेपणाच्या अभिमानात अडकतो, असे मला वाटते. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी गेली २६ वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करते.

आधी आकडे पाहू. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ती ८०७ इतकी घसरली होती. म्हणजे देशातला पहिला कायदा ज्या राज्याने केला, त्या राज्यात पुढची दोन दशके मुली कमीच होत गेल्या. देशपातळीवर हेच आकडे ९४५, ९२७ आणि ९१९ असे आहेत. १९९१ साली आपण देशाच्या बरोबरीने होतो आणि २०११ साली मागे पडलो.

याचे एक कारण कायद्याच्या घडणीतच होते. चळवळीची मागणी होती की या चाचण्या केवळ सरकारी संस्थांमध्येच व्हाव्यात. कायद्याने मात्र खासगी केंद्रांना नोंदणी करून त्या करण्याची मुभा ठेवली. सामान्य नागरिकाला थेट न्यायालयात जाता येत नसे. आधी कायद्याखाली नेमलेल्या प्राधिकरणाला नोटीस द्यायची आणि साठ दिवस थांबायचे, तेवढ्यात पुरावा कुठल्या कुठे जातो. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे चाचणी करून घेणाऱ्या स्त्रीलाही कायद्याने दोषी धरले होते. सासरच्यांनी दवाखान्यात आणून बसवलेल्या बाईला दंड करणारा कायदा कुटुंबाच्या बाजूचा की तिच्या बाजूचा, हा प्रश्न शिबिरात जरूर विचारावा.

दुसरे कारण तंत्रज्ञानाचे आहे. कायदा गर्भजलपरीक्षेला डोळ्यांपुढे ठेवून झाला होता. ती परीक्षा साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, प्रयोगशाळा जवळ असलेल्या शहरातच होऊ शकत असे. पाठोपाठ सोनोग्राफीची यंत्रे तालुक्यात पोहोचली. सुई नाही, पाणी काढणे नाही, पडद्यावर पाहायचे आणि पेढे की जिलेबी एवढेच बोलायचे. हा सांकेतिक शब्दप्रयोग मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. यंत्र विकणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोही कागदावरच राहिला, म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्थांना आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिल्यावर यंत्रांची नोंदणी आणि तपासणी गंभीरपणे सुरू झाली. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. यात विधिमंडळापेक्षा न्यायालयाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. शिबिरात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द शक्यतो टाळावा आणि ‘गर्भलिंगनिवड’ म्हणावे. गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने काही अटींवर मान्यता दिली आहे आणि तो अधिकार स्त्रियांना फार कष्टाने मिळालेला आहे. ‘हत्या’ म्हटले की सगळाच गर्भपात गुन्हा ठरतो. कारवाईचा धाक वाढला तेव्हा कित्येक औषध दुकाने गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच धजेनात आणि त्याचा त्रास ज्यांना लिंगनिवडीशी काही देणेघेणे नाही अशा बायकांनाच झाला. त्या काळच्या चळवळीनेही ही कसरत ओळखली होती. लिंगनिवडीला विरोध करायचा, पण गर्भपाताच्या अधिकाराला धक्का लागू द्यायचा नाही, अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवून त्यांना बोलावे लागत असे.

गोदातीर

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. पहाडीकर, आपल्या बहिणीविषयीचे वाचून मी माझ्या टिपणाचा पहिला परिच्छेद खोडला. पाणी मी बाजूला ठेवत होते, ती चूकच होती.

डॉक्टरताई, आपले आकडे मी सांगणारच आहे. पण त्यातून एक अडचण उभी राहते. समोर बसलेल्या बायकांना मी असे सांगितले की एका कर्तबगार आमदाराने चळवळीच्या बळावर कायदा घडवून आणला आणि त्यानंतर वीस वर्षे परिस्थिती बिघडतच गेली, तर त्या मला विचारतील की मग सभागृहात जायचे कशाला? सभापटल, यावर आपले म्हणणे काय आहे?

सभापटल

डॉक्टरताईंचा एकही मुद्दा मी खोडू इच्छित नाही. स्त्रीला दोषी धरणारे कलम वाईटच होते आणि सरकारी विधेयक सभागृहात येते तेव्हा चळवळीची मागणी कशी पातळ होते, याचे ते उत्तम उदाहरण आहे. मला फक्त इतकेच म्हणायचे आहे की २००० सालच्या याचिकेत अंमलबजावणी मागता आली ती कायदा अस्तित्वात होता म्हणून. केंद्राचा १९९४ चा कायदा महाराष्ट्राच्या अनुभवातून निघाला होता. त्याने राज्याची वाट पुढे नेली आणि राज्यातील काही चुकाही सोबत उचलल्या. न्यायालयाचा वाटा मोठा आहे हे मान्य, पण १९८५ साली याच मागणीसाठी कोणी न्यायालयात गेले असते, तर अंमलबजावणी कोणत्या कलमाची मागितली असती?

विधिमंडळातील कामाला लागणारा काळ किती लांब असतो, याचे दुसऱ्या प्रांतातील एक उदाहरण देतो. मद्रास विधान परिषदेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९२७ साली लहान मुलींना देवदासी म्हणून वाहण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव मांडला. त्या स्वतः १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडल्या. देवदासी प्रथा बंद करणारा मद्रासचा कायदा झाला तो १९४७ साली. मधल्या काळात त्यांनी मुलींसाठी ‘अव्वई’ आश्रम सुरू करून चालवला.

मृणालताईंनीही असेच केले, हे फारसे सांगितले जात नाही. केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या गोरेगावातील वास्तूत १९८३ पासून ‘स्वाधार’ हे केंद्र काम करते. घरातील छळाने गांजलेल्या स्त्रिया तिथे येतात, तिथे त्यांचे ऐकून घेतले जाते आणि त्यांना सल्ला मिळतो. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेने सहा हजारांहून अधिक कुटुंबांना परवडणारी घरे मिळवून दिली, तिच्यातही प. बा. सामंत आणि बाबुराव सामंत यांच्यासोबत त्या होत्या. त्या घरांमागेही एक कायदाच आहे. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यातील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, ही मूळ मागणी होती. कायदा आधी वाचायचा, त्यातले आपल्या उपयोगाचे कलम शोधायचे आणि सरकार ते वापरीत नसेल तर त्यासाठी वर्षानुवर्षे भांडायचे, ही त्यांची रीत होती.

विषय थोडा बाजूला जातो आहे हे मान्य करून आणखी एक नाव घेतो. ज्या कायद्यात मुलांचा उल्लेख शीर्षकात नाही, पण ज्याने महाराष्ट्रातील मुलांना उपासमारीपासून वाचवले, तो रोजगार हमीचा कायदा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून तो निघाला. तासगाव तालुक्यातील विसापूरला त्याचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने त्याची गरज सिद्ध केली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तो संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर स्त्री-पुरुषांना समान मजुरी, पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर या तरतुदी त्यात होत्या. पैसा कुठून आला, तर पगाराच्या पावतीवर आजही दिसणाऱ्या व्यवसाय करातून. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला होता, हे नोकरदारांपैकी किती जणांना माहीत असते?

पाळणाघराची तरतूद कागदावरच राहिली, असे डॉक्टरताई म्हणतील आणि पुष्कळ ठिकाणी ते खरेही आहे. शिबिरातल्या बायकांना करण्याजोगे काम नेमके तिथेच आहे.

माळरान

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काम केले आहे. सभापटल काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून थोडे लिहिते.

केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमायचे आणि तिलाही तेवढीच मजुरी द्यायची. आमच्या भागात रस्त्याच्या कामावर अशी दहा-बारा पोरे झाडाखाली लोळत असायची आणि एखादी आठ वर्षांची बहीण शाळा बुडवून त्यांच्याकडे पाहत असायची. कामावरच्या मुकादमाला या तरतुदीची माहितीच नव्हती. एका महिला सदस्याने ग्रामसभेत हा विषय काढून ठराव करून घेतला. एका वृद्ध मजूर बाईला, जिला खोदकाम झेपत नव्हते, मुले सांभाळण्याचे काम मिळाले. ती आठ वर्षांची मुलगी लगेच शाळेत गेली असे मी सांगणार नाही. ती आठवड्यातून तीनदा जाऊ लागली.

गोदातीरताई, दीड तासात विरोधी पक्षनेतेपद वगैरे सांगण्यात वेळ घालवू नका. पहाडीकर दादांचा हंडा सांगा, डॉक्टरताईंचे आकडे सांगा आणि तारांकित प्रश्न कसा जातो ते सांगा. सदस्य बायकांना प्रश्न विचारता येत नाही, कारण त्या आमदार नाहीत. पण आमदाराला प्रश्न लिहून देता येतो. अधिवेशनाच्या आधी पुरेसा अवकाश ठेवून, गावाचे नाव, अंगणवाडीचा क्रमांक आणि किती दिवस आहार आला नाही ते एका कागदावर मुद्देसूद लिहून दिले, तर कोणत्याही पक्षाचा आमदार असला तरी त्याच्या स्वीय सहायकाला ते हवेच असते. त्यांनाही प्रश्न भरायचे असतात.

गोदातीर

माळरानताई, शेवटच्या वाक्यावर मी मोठ्याने हसले आणि ते टिपून घेतले.

भाषणाचा आराखडा आता असा झाला आहे. आरंभी हंडा आणि सातवीत सुटलेली शाळा. मग शुक्रवारची ती रिकामी होत जाणारी बाके आणि तिथे मांडलेले विधेयक. त्यानंतर ९४६, ९१३, ८९४ हे तीन आकडे मी फळ्यावर लिहिणार आहे आणि काही वेळ काहीच बोलणार नाही. स्त्रीला दोषी धरणाऱ्या कलमावर बायकांनाच बोलू द्यायचे ठरवले आहे. ‘गर्भलिंगनिवड’ या शब्दाबद्दल डॉक्टरताईंचे विशेष आभार, माझ्या पत्रिकेत दुसराच शब्द छापून गेला होता, तो बदलून घेतला.

शेवटचा अर्धा तास भाषण न करता प्रत्येकीकडून एक प्रश्न लिहून घेणार आहे, आमदारांना देता येईल असा, गावाच्या नावासह. पहाडीकर, आपली हरकत नसेल तर आपल्या बहिणीची हकिगत नाव न घेता सांगू का?

पहाडीकर

तिला फोन करून विचारले. “सांगू दे की, पण उशीर पाण्याच्या रांगेमुळे व्हायचा, माझ्या आळसामुळे नाही, हे नीट सांगायला सांग,” असे म्हणाली.